एनॉसने सपाट केलेली टेकडी

एनॉस स्टिकलंडचा जन्म इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या एका खडूच्या टेकडीखाली झाला. त्या टेकडीच्या अंगावर जुन्या शेतांच्या सात रुंद पायऱ्या होत्या. कुणी खोदल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. नांगर तिथं कधीच थांबला होता, नुसतं गवत होतं. एनॉसचा बाप तिथं मेंढ्या चारायचा. बोचरं वारं सुटलं की कोकरं पायरीच्या आडोशाला बसायची, आणि एनॉसही त्यांच्यात अंग चोरून बसायचा. मोठेपणी तो गॉल्टन मालकाचा ट्रॅक्टर चालवू लागला. राहायला घरही मालकाचंच.

एकोणीसशे साठच्या उन्हाळ्यात मालकाने भाड्याचा बुलडोझर आणला.

"एनॉस, सोमवारी त्या पायऱ्या सपाट करायला घे. सातू पेरायचाय."

"मालक, वर वीतभर माती आहे, खाली नुसता खडू. ज्यांनी पायऱ्या केल्या त्यांना ते कळत होतं."

"ते मरून हजार वर्षं झाली. तू राहतोस ते घर माझं आहे, त्यांचं नाही."

घरी बायको थर्झा म्हणाली, "सरळ नाही म्हणून सांग."

"आणि राहायचं कुठं?"

अकरा दिवस तो मशीनवर होता. दुपारच्या जेवणालासुद्धा खाली उतरला नाही.

त्या हिवाळ्यात सतत पाऊस लागला आणि माती वाहून रस्त्यावर आली. वसंतात सातू घोट्याएवढा वाढून पिवळा पडला आणि टेकडी हाडासारखी पांढरी दिसू लागली. जिल्ह्याहून जुने अवशेष जपणारे सरकारी अधिकारी पायऱ्या कुणी मोडल्या याच्या चौकशीला आले. एनॉस शेजारी उभा असताना मालक म्हणाला, "मी गावाला गेलो होतो. या ड्रायव्हरनं परस्पर केलं."

एनॉस हातातली टोपी चुरगाळत राहिला.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" थर्झाने घरी विचारलं. तो बूट काढत बसला.

पेपरात त्याचं नाव छापून आलं. गुत्त्यात शिरला की कुणीतरी ओरडायचं, "काय एनॉस, चर्च कधी पाडतोस?" त्याने गुत्त्यात जाणं सोडलं.

दोन वर्षांनी मालकाने शेत विकलं. नव्या मालकाकडे स्वतःचा ड्रायव्हर होता, त्याच्यासाठी ते घर हवं होतं. एनॉस-थर्झाला शहरात नगरपालिकेच्या दोन खोल्या मिळाल्या. सामान लावता लावता थर्झा म्हणाली, "नाही म्हणाला असतास, तरी इथंच आलो असतो."

एनॉस कपाट भिंतीशी सरकवत होता. तो थांबला नाही.