दूध म्हंजे काय खाणं न्हवं

आबांच्या, म्हंजे माझ्या वडलांच्या, घोरण्याची नक्कल हा माझा हुकमी आयटम होता. कॉलेजचं गॅदरिंग आसू दे न्हाईतर कुणाचं लग्न. आधी ट्रॅक्टर चढाला लागल्यागत घर्रर्र करायचं, मग एकदम गप्प व्हायचं. लोकंबी गप्प. आणि मग टायरातली हवा सोडल्यागत श्वास सोडायचा. हशा तितंच फुटायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. साताऱ्याला मावसबहिणीच्या लग्नात आबा कार्यालयाचा जिना चढताना मधल्याच पायरीवर बसले. ओठ निळे पडलेले. जुना पैलवान गडी. कुस्ती सुटली, पण अंग वाढायचं काय थांबलं न्हाई. शुगर, बीपी, गुडघे, सगळं मागनं आलं. तिथल्या डॉक्टरनं सांगलीला धाडलं. तिथं मुंबईचा एक सर्जन अधनंमधनं यायचा आणि वजन कमी करायची ऑपरेशनं करायचा.

वजन कमी करायला ऑपरेशन? आमी इस्लामपूरकडची माणसं. आमच्यात ऑपरेशन म्हंजे अपेंडिक्स न्हाईतर मोतीबिंदू.

सर्जननं कागदावर पोटाचं चित्र काढलं. "दोन प्रकार आहेत. पहिल्यात पोटाच्या वरच्या बाजूला पिना मारून छोटी पिशवी ठेवायची. चार घासात पोट भरतं. दुसऱ्यात पिशवी छोटी करायचीच, शिवाय आतडं कापून तिला जोडायचं. हे मोठं आहे. भूल जास्त वेळ. जोड गळला तर जिवावर बेततं. आणि गोळ्या जन्मभर." मग आबांकडं बघून इचारलं, "जेवण कसं आहे?"

आई पुढं झाली. "आवं डॉक्टरसाहेब, खात्यात कुठं? सकाळी दोन भाकरी, सांजला दोन. देवाशप्पत."

"गोड?"

"सणावारी."

आबांनी मान हलवली. खोटं कायबी न्हवतं त्यात.

"मग पहिलं पुरेल," सर्जन म्हणाला. आईनं तिथंच हात जोडले.

"झोप कशी लागते?"

आईनं मला कोपर मारलं. "दाव की रं करून."

मी केलं. घर्रर्र, मग गप्प, मग हवा. सर्जन हसला न्हाई. म्हणाला, "परत कर. ते खरोखर जेवढा वेळ थांबतात तेवढाच थांब."

थांबलो. माझी छाती फुटायला आली तरी आबांची वेळ संपंना. शेवटी मीच हरलो आणि धापा टाकाय लागलो.

"झोपेत श्वास बंद पडतो त्यांचा," सर्जन म्हणाला. "रोज."

मी भ्यालो. आणि भ्यालो की माझं तोंड थांबत न्हाई. "आजून करून दावू का?" म्हणून मी आबांची सकाळच चालू केली. खाटंवरनं उठताना गुडघ्याचा कट्ट आवाज. मग दोन्ही हातानं चरवी तोंडाला. गटागटा, दम न घेता. मग मिशी पुसणं. दुपारी परत चरवी. सांजला परत चरवी.

सर्जननं पेन खाली ठेवलं. "हे काय?"

"दूध," मी म्हणालो. "काकवी घालून."

"आणि तुम्ही म्हणालात खात नाहीत?"

आई खरंच गोंधळली. "आवं, दूध म्हंजे काय खाणं न्हवं. त्ये तर आंगाला लागाय पित्यात."

सर्जननं चित्राचा कागद परत पुढं वढला. मग त्यानं समजावलं. पातळ आणि गोड काय आसंल ते बारक्या पिशवीतनं सरळ खाली निसटतं. नुसत्या पिना मारून उपेग न्हाई, वजन परत येणार. दुसऱ्या ऑपरेशनात गोड पिलं की घाम फुटतो, चक्कर येती, माणूस आपसूक सोडतो. "काकवी घातलेलं दूध सोडाल का? मग पहिलं करू."

आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "न्हाई जमायचं, साहेब. उगं खोटं कशाला बोलू."

म्हंजे दुसरं. जोड गळणारं.

एस्टी स्टँडवर आई माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हुतं ती चरवी दावाय?"

"त्याला कशाला बोलतीस?" आबा म्हणाले. "मी पितोय त्येच दावलं त्यानं."

पण तवापास्नं माझ्या डोक्यात एकच. कायबी झालं तर ते माझ्या गटागटानं झालं.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर हिरवा झगा घालून आबा म्हणाले, "माजं घोरणं कर की जरा. बरं वाटंल."

मी तोंड उघडलं. घर्रर्र निघालं. पण पुढं गप्प व्हायची हिंमतच झाली न्हाई. घरघरच करत राहिलो, वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलत नेला तरी.

ऑपरेशन झालं, आबा बाहेर आले. पण सर्जन म्हणाला होता, पहिले काही दिवस जोडाची भीती आसती. काय गळतंय का म्हणून मी पोटातनं बाहेर काढलेल्या नळीकडं बघत बसायचो. आबांना उचकी लागली तरी मी उभा राहायचो.

मग एका दुपारी नर्सनं चमच्यानं पाणी पाजलं. घोट गिळला आणि आबांचे डोळे मोठे झाले. जबडा लोंबला. हात छातीवर गेला.

"आबा! काय होतंय? सिस्टर!"

"गप रं," आबा बारीक आवाजात म्हणाले. "तुजी नक्कल करतोय. आल्यापास्नं आसाच बसलायस न्हवं?"

आई हसत सुटली. हसायला गेलं तर टाके वढायचे, म्हणून आबा नुसत्या डोळ्यानं हसले. मीबी हसलो.

जरा वेळानं त्यांना डुलकी लागली. घर्रर्र सुरू झालं. आईचं हसू थांबलं, माझंबी. आमी दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत, पुढच्या गप्पची वाट बघत बसलो.