माझ्या वाटणीची भाऊबीज

“दादा, इब्राहिमभाई गेले…” बहारीनहून मेधाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला आणि पुढे नुसतं रडणं. सुट्टीवर गावी गेले होते, तिथेच छातीत कळ आली. त्यांच्या बायकोने आधी कळवलं ते मेधाला. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या मला नाही. आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हाही मेधा इतकी रडली नव्हती. खोटं कशाला सांगू, दुःखाच्या आधी मला तेच खुपलं.

इब्राहिमभाई श्रीवर्धनचे. दहावी नापास, सौदीत खोबरला आमच्या साइटवर वायरमन. मी सिन्नरचा, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, इंजिनिअर. पण कफिलाकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे, ज्या पेशाचा व्हिसा शिल्लक, त्यावर माणूस आणतात. म्हणून माझ्या इकाम्यावर, तिथल्या ओळखपत्रावर, ‘मजूर’ आणि त्यांच्यावर ‘इंजिनिअर’! मेहुण्यांच्या नोकरीमुळे मेधा बहारीनला. मध्ये समुद्रावरचा पूल, गाडीने तासाभराचा रस्ता. त्या पुलावरून मला दोनदा परत पाठवलं. मजुराला पलीकडचा व्हिसा मिळत नाही; पेशा वाचून, चेहऱ्याकडे न बघता. इब्राहिमभाई मात्र दर शुक्रवारी पलीकडे. “काय ओ साहेब, डिग्री तुमची, पण पूल मला ओळखतो!” म्हणायचे आणि खो खो हसायचे.

भाऊबीजेची साडी मी त्यांच्याच हाती धाडली. परत आले ते केसांत अक्षता घेऊन. “तुमच्या वाटणीचं ओवाळून घेतलं हो. बहीण म्हणाली, पाट रिकामा कशाला ठेवू?” मी हसलो. डबाभर अनारसे आणले होते. मी एकही खाल्ला नाही. दुसऱ्या वर्षी तेच. मग मेधा फोनवर मला सांगू लागली, “इब्राहिमभाईंना विचारून कळवते.”

यंदा माझा पेशा दुरुस्त झाला. मी त्यांना सांगितलं नाही. ठरवलं होतं, या भाऊबीजेला गुपचूप एकट्याने जायचं. पाटावर मी आणि फक्त मी… ते सुट्टीवर निघाले तेव्हाही बोललो नाही. माझ्यासाठी सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला असता.

गेलो. ठरवल्याप्रमाणे भाऊबीजेला, एकटाच. पुलावरच्या माणसाने कार्ड पाहिलं, “मुहंदिस? इंजिनिअर?” म्हणाला आणि शिक्का मारला. मेधाच्या दाराशी बूट काढले. बाजूला निळ्या पट्ट्यांच्या सपाता होत्या, टाचेशी झिजलेल्या.

“घाल ना दादा, फरशी गार आहे. इब्राहिमभाईंच्या आहेत.”

“असू दे,” म्हणालो, आणि अनवाणीच आत गेलो.