वीसपट

मार्गासनीच्या वर, वेल्ह्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी बावीस वर्षं मास्तरकी करतो आहे. या गावच्या ओढ्यावरचा पहिला साकव मोडला तो माझ्यामुळे. सुतारानं कच्चं लाकूड घातलं म्हणून मोडला, असं गाव समजत आलं. तसं समजायला मीच लावलं.

मी उत्रोलीचा. ट्रेनिंग करून आलो तेव्हा त्रैराशिकावर माझा देवावर नसेल एवढा विश्वास होता. शाळेच्या भिंतीवर संस्थानचा नकाशा होता, एका इंचाला चार मैल. दोन इंच मोजावेत आणि आठ मैल चालावेत. भजनात पेटी वाजवायचो. काळी एकच्या पट्टीत लावलेला अभंग काळी चारमध्ये नेला तरी अभंग तोच. मला वाटे, जगात सगळंच असं लहानाचं मोठं करता येतं, फक्त गुणाकार यायला हवा. शाळेत शारदापूजेला साठ पोरांची खिचडी करायची होती. घरच्या चौघांच्या मापाला मी पंधरानं गुणलं. खिचडी तोंडात धरवेना. बायको म्हणाली, "मीठ असं चढत नाही हो. हात आखडावा लागतो." मी तिच्यावरच डाफरलो.

गावचा सुतार साठीचा होता. शाळेची बाकं मी इंचांत लिहून दिली. त्यानं आपल्या वितीनं मोजून केली. मी दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा तो बाक घेऊन आला आणि पोरांसमोर म्हणाला, "मास्तर, ह्येच्यावर पोरं बसणार हायती का तुमची फूटपट्टी?" पोरं हसली. तेव्हापासून मी गावात फूटपट्टी मास्तर झालो. बोलायला ही गोष्ट क्षुल्लक आहे, पण मी तिचा डूख धरला होता, हे आधी सांगून टाकतो.

ओढ्यावर साकव घालायचा गावानं ठरवला. सुतार म्हणाला, मध्ये दगडी टेकू पाहिजे आणि वासे जाड पाहिजेत. टेकू म्हणजे दोन महिने दगड वाहणं. लोक कुरकुरले. मी संधी साधली. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काड्यांचा दीड फुटी साकव केला, मध्ये टेकू नाही. बेंदूर नुकताच झाला होता. पोरांकडून मातीचे बैल घेतले आणि देवळात सगळ्यांपुढे त्यावर उभे केले. एक जोडी, दोन, पाच जोड्या. साकव हलला नाही.

"हाच वीसपट करायचा," मी म्हणालो. "दीड फुटाचे तीस फूट. पाव इंचाची काडी, तिथं पाच इंची वासा. बैलही वीसपटच आहे. मग मोडेल कसा?"

सुतारानं एक मातीचा बैल उचलला. "कुंभार ह्यो बोटाएवढा करतो तवा पाय काडीवानी चालत्यात. हातभर केला तर पाय जाडजूड करतो, आनि पोटाखाली टेकू ठेवतो. का? त्येला काय हौस हाय? मोठं झालं की आपलंच आपल्याला जड होतं, मास्तर."

"कुंभाराला गणित येत नाही," मी म्हणालो.

लोक हसले. या वेळी माझ्या बाजूनं हसले. पाटलांनी सुताराला सांगितलं, मास्तर म्हणतात तसं कर. त्यानं केलं. ऐनाचं पक्कं लाकूड, एकही सांधा ढिला नाही. काम त्याच्यासारखंच झालं.

उन्हाळा सरता सरता तो शाळेत आला. पोरं घरी गेली होती. दारातच उभा राहिला.

"मास्तर, वासं मदी खाली आल्यात. अंगठाभर. आता लावणीला लोक जनावरं घालतील. तुमचा शबूद मानत्यात. टेकू घेस्तवर नुसती माणसंच जाऊ द्या म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"म्या सांगितलं तर म्हणत्याल, म्हातारा जळतो."

"मग जळू नका," मी म्हणालो आणि फळा पुसायला लागलो.

तो गेला. तो वैरी होता, तरी माझ्या दारी आला होता. मी एक वाक्य बोललो असतो तर माझा साकव कमी ठरला असता, एवढंच.

लावणीत एक शेतकरी बैलजोडी घेऊन साकवावर गेला आणि वासे मधोमध तुटले. एक बैल जागीच गेला. शेतकऱ्याच्या खुब्याचं हाड मोडलं. तो आजही काठीवर चालतो.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक होती. आदल्या संध्याकाळी मी हिशेब पुन्हा मांडला. साकव नुसता दुप्पट केला तरी लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट, म्हणजे वजन आठपट. बैलाचंही तसंच. पण वासा आडवा कापला तर जे तोंड दिसतं, ज्याच्या जोरावर तो टिकतो, ते चौपटच होतं. वीसपट केलं तर वजन आठ हजारपट, तोंड चारशेपट. दहा ओळींचं गणित. सुतारानं ते मातीच्या बैलावर एका दमात सांगितलं होतं. म्हणजे बैठकीला गेलो तेव्हा मला ठाऊक होतं.

पाटलांनी विचारलं, "मास्तर, तुमच्या हिशेबात काय चुकलं का?"

"हिशेब बरोबर आहे," मी म्हणालो. "लाकूड कच्चं असेल."

सुतार उठला. उन्हाळ्यात शाळेत येऊन गेल्याचं तो बोलेल म्हणून मी घाबरलो होतो. त्यानं ते काढलंच नाही. म्हणाला, "माज्या लाकडाला नाव ठेवता? परत मांडा हिशेब. फळ्यावर, पोरांसमोर."

"मला शिकवू नका," मी म्हणालो.

लोक त्याच्यावर तुटून पडले. शेतकऱ्याच्या भावानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्या सुगीला खळ्यावर त्याचं बलुतं कुणी घातलं नाही. पुढच्या सुगीलाही नाही. मग तो हत्यारं घेऊन लेकीकडे वरवे बुद्रुकला गेला. गावानं दुसरा सुतार आणला. त्यानं नवा साकव घातला, मध्ये दगडी टेकू घेऊन. त्यावरून मी रोज शाळेत जातो.

मागच्या महिन्यात मी वरव्याला गेलो. तो अंगणात बसला होता, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. मी आवाजावरून ओळखू आलो. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "ह्ये मला हितं कशाला सांगतासा? मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा." पाण्यालाही विचारलं नाही.

परत येऊन मी पाटलांना, त्या शेतकऱ्याला आणि जुन्या दोघाचौघांना शाळेत बोलावलं. पोरं बाकांवर होती, सुतारानं केलेल्याच बाकांवर. मी फळ्यावर हिशेब मांडला आणि काय काय केलं ते सांगितलं. मग शेतकरी काठी टेकत पुढे आला.

"बैठकीच्या वेळी तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"आमी त्येला शिव्या दिल्या. तुमी द्याया लावल्या. सोता मातर शुद्ध बोलत बसला." मग पोरांकडे वळून, "उठा रं. आज शाळा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी जुंपली. राहिलेल्या बलुत्याची म्हणून भाताची पोती घातली, पाटील बसले, तो बसला. सुताराला घेऊन यायचं म्हणाले. मीही गाडीपाशी जाऊन उभा राहिलो होतो. मला कुणी चढ म्हणालं नाही. गाडी साकवावरून न जाता खालच्या उतारानं पाण्यातून गेली.

तिसऱ्या दिवशी गाडी आली ती पोत्यांसकट. सुतार नव्हता. मी शाळेच्या दारात उभा होतो. शेतकरी मला पाहून थांबणार नव्हता, पण पाटलांनी बैल रोखले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय न्हाई. एकच इचारलं," पाटील म्हणाले. "मास्तर अजून तितंच हाय का?"

"मग?"

"आमी म्हणलं, हाय. त्यो उठून घरात गेला."