दोड्डप्पांनी फोडलेली पत्रं

हल्लीची मुलं मोठ्यांना मानत नाहीत, असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात तेव्हा मी मान डोलावते. आम्ही फार मानायचो. एकोणीसशे साठच्या आसपास आमच्या चिकपेटच्या घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, फोडत. ते कुणाच्या नावाचं आहे, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ होती. वाचून झालं की पत्र देव्हाऱ्यात ठेवायचं आणि चांगला दिवस बघून ज्याचं त्याला द्यायचं. चुलतभावाला परीक्षेत नापास झाल्याचं पत्रसुद्धा गुरुवारी, कुंकू लावून मिळालं होतं.

मी टायपिंग शिकून एका सरकारी कचेरीत अर्ज केला होता. मुलाखत होऊन महिना उलटला, तरी उत्तर नाही. एका शनिवारी देव्हारा पुसताना समईखालच्या कागदावर माझं नाव दिसलं. नेमणूक झाली होती. सोमवारपर्यंत रुजू व्हा, नाहीतर रद्द.

"दोड्डप्पा, हे कधी आलं?"

"झाले असतील आठ दिवस. पौष चाललाय. पौषात कुणी शुभ काम सुरू करतं? स्वल्प थांब, माघ लागू दे."

"माघाला बारा दिवस आहेत. तोवर नोकरी जाईल."

"सरकार काय पळून चाललंय? मी साहेबांना लिहितो. पंचांग त्यांच्याही घरी असेलच की."

साहेब ख्रिस्ती होते, हे मी मुलाखतीत पाहिलं होतं. पण मोठ्यांना उलट बोलायचं नाही, म्हणून बोलले नाही.

सोमवारी सकाळी आई म्हणाली, "त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस हं," आणि माझा डबा भरला. मी दोड्डप्पांना वाकून नमस्कार केला. त्यांनी सवयीनं आशीर्वाद दिला. मी बस पकडली.

साहेबांनी पत्रावरच्या कुंकवाकडे जरा वेळ पाहिलं आणि सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.

दोड्डप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ही शिक्षा मला चांगलीच मानवली. मग ते शेजाऱ्यांना सांगू लागले, "पोरीला मीच धाडलं, माझा आशीर्वाद घेऊन गेली." त्यात खोटं काही नव्हतं.

घरातली बाकीची पोरं मात्र शहाणी झाली. ती पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशीच गाठू लागली. दोड्डप्पांपर्यंत लग्नपत्रिका तेवढ्या पोचत. त्या ते चष्मा लावून दोन-दोनदा वाचत.