उजव्या हाताचा उशीर

गाणं लागलं की त्या एक बोट वर करायच्या आणि विचारायच्या, ‘दादा, उशीर कुठं झाला, सांगा बघू.’ नावं ठेवणं नव्हे हो, कौतुक असायचं ते. ठेक्याला गंमत येते ती किंचित उशिरानं, असं त्यांचं ठाम मत.

ह्या बाई इथं तमिळ मुलखात, अंबत्तूरला, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. तंजावरकडच्या मराठी. बोलणं जुन्या वळणाचं, त्याला तमिळ हेल आणि घडीघडी ‘सरी’, म्हणजे ठीक. घरीच कॉम्प्युटरवर जाहिरातींसाठी ठेके तयार करायच्या. मी सातारकर, कारखान्यातून निवृत्त झालेला, पण खरा ढोलकीवाला. ‘यंत्राला काय कळतोय ठेका,’ म्हणून मी त्यांना भरपूर पिडलंय.

मग अर्धांगाचा झटका आला आणि माझा उजवा हात गेला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ढोलकी माझीच असायची. मंडळानं दुसरा माणूस बघितला. बरोबरच होतं त्यांचं, पण मी ढोलकी माळ्यावर टाकली आणि बायकोशीसुद्धा धड बोलेनासा झालो.

एक दिवस त्या खाली आल्या. ‘डावा आहे ना? सरी. उजव्याचं मी बघते.’

आधी त्यांनी यंत्रात प्रत्येक ठोका अगदी बरोब्बर जागेवर बसवला. निव्वळ कवायत! मग जोडीतला दुसरा ठोका जरा मागे ओढला. ‘ह्याला स्विंग म्हणतात, दादा.’ ठेका डुलायला लागला खरा, पण सगळे ठोके सारखेच उशिरा.

‘हा दुसराच कुणीतरी डुलतोय,’ मी म्हणालो. चिडलोच होतो.

त्या मात्र हसल्या. मंडळाच्या जुन्या व्हिडिओंतून माझं वाजवणं शोधलं आणि कितीतरी दिवस बसून एकेक ठोका तपासला. हा केवढा मागे, हा थोडा पुढे, हा हलका, हा दणकून. ते सगळं यंत्राला शिकवलं आणि बटण दाबलं. शेजारी बसलेली माझी बायको एकदम माझ्या हाताकडे बघायला लागली. मला रडू आवरेना.

त्या वर्षी गणपतीत मी वाजवलं. उजवा हात स्पीकरमधून, डावा समोरच्या ढोलकीवर. ह्या बाईंचे उपकार कसे फेडायचे, तुम्हीच सांगा.

पुढं त्या मुलाकडे कोइंबतूरला गेल्या. वर आता दुसरे भाडेकरू आहेत, भली माणसं आहेत, पण घर फार शांत वाटतं.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. ‘दादा, एका स्टुडिओला गाण्यासाठी तुमचा उजवा हात पाहिजे. देऊ का?’

‘तुमच्याकडंच तर आहे तो. मला कशाला विचारता?’

‘अय्यो, तुमचा हात आहे. विचारल्याशिवाय कसा देऊ?’

झटक्यानंतर बाहेरचं कुणीतरी पहिल्यांदाच मला वाजवायला बोलावत होतं. ‘द्या,’ म्हणालो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, ‘अगं, ढोलकीची सुपारी आली.’