वंदनेआधीची खीर

कमलची जीभ जड झाली, डोळे माझ्यावरून घसरून भलतीकडेच लागले आणि वैशाखाच्या भर उन्हात तिचे हात गार पडले. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यापाशी पोचायला थोड्याच पायऱ्या राहिल्या होत्या. तापलेल्या काळ्या दगडाचा वास येत होता आणि खालच्या जंगलापलीकडे बोरिवलीचे टॉवर उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते.

कमल माझी दहिसरची शेजारीण. मी मालवणकडची, ती मराठवाड्यातली. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. दर बुद्धपौर्णिमेला ती इथे येते, यंदा मलाही ओढून आणलं. सकाळी तिने साखर उतरवायची सुई टोचून घेतली आणि वंदना झाल्याशिवाय खाणार नाही म्हणाली. असा नियम कुणी सांगितलेला नाही, तिचा तिनेच केलेला. असला गाढवपणा शहाणी माणसंच करतात.

तिची सून रेखा खिरीचा डबा धरून उभी होती. मी तो ओढला.

"मावशी, ती बुद्धासाठी आहे! वंदना व्हायचीय अजून."

"वंदनेला सासू नको उरायला? सोड डबा!"

शेजारच्या लेण्याच्या सावलीत दगडाचा बाक होता. तिथे तिला टेकवलं आणि बोटाने थोडी थोडी खीर तिच्या गालात सारत राहिले. आधी ओघळली, मग तिने गिळली. वेलदोड्याचा वास, दगडाचा गारवा, कुठूनतरी पाकोळ्यांची फडफड. हा डोंगर पोखरणाऱ्यांनी दमलेल्याला टेकायला बाक कोरला, तहानलेल्याला पाण्याची टाकी कोरली. कोण येणार, कुठल्या जातीचं, कुठल्या गावचं, काही ठाऊक नसताना. मी हात जोडणाऱ्यांतली बाई नाही, पण त्या बाकाचे उपकार मानले.

हळूहळू कमलची नजर जागेवर आली. डब्यात डोकावून म्हणाली, "सगळी संपवलीस गं?"

"तूच गिळलीस, मेले!"

रेखा रडता रडता हसली. कमलने रिकामा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "उपाशी राहून बुद्धालाही काही मिळालं नव्हतं. सुजातेची खीर पोटात गेली, तेव्हा कुठे अंगात जीव आला त्याच्या."

ऊन कलल्यावर त्या दोघी सासूसुनांनी उंच मूर्तीपुढे रिकामा डबा ठेवून वंदना केली. मीही मागे उभी राहिले. पांढऱ्या साडीवर खिरीचे डाग घेऊन कमल वाकली, आणि आपली आपण उठली.

आत्ता, दुसऱ्या दिवशी सकाळी, ती तिच्या दारात बसून मेथी निवडतेय. नाश्ता करून.