शेंदराखालचे लोखंड

माणिकराव सोनकांबळे यांचे गेल्या महिन्यात लातूर येथे राहत्या घरी झोपेत निधन झाले. बांधकाम खात्यातून ते ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, मी त्यांच्या घरी बसलो होतो. फोन वाजला. माहूरच्या अलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका वाडीचे पुजारी बोलत होते. "साहेब हायत का? म्हनावं, लोहोबाची खोळ सुटली." माणिकरावांच्या पत्नी शांताबाईंनी फोन माझ्याकडे दिला. साहेब गेले, असे मी सांगितले. पुजारी म्हणाले, "तर मग तुमी या. उद्या सांजेपातुर देव उघडा ठिवतो."

बहात्तरच्या दुष्काळात माणिकराव त्या वाडीजवळ तलावाच्या कामावर होते. खोदताना मजुरांना गंजलेले खिळे सापडू लागले, आणि एके दिवशी हातभर उंचीची लोखंडी पेटी. ती काय आहे, हे माणिकरावांनाही कळले नाही. माणिकरावांनी ती बांधावर उभी करून ठेवली, मजुरांनी तेल-शेंदूर लावला. पुढच्या साली पाऊस झाला. वाडीला लोहोबा मिळाला.

खिळे माणिकरावांनी ठेवून घेतले. रॉकेलमध्ये भिजवून, विटेच्या भुकटीने घासून ते एकेक खिळा पाहत. डोके एकाच बाजूला बाहेर आलेले, म्हणजे रुळाचा पाय धरणारा खिळा. बैलगाडीला असा खिळा लागत नाही. सुट्टीत ते जंगलात फिरत, आणि पुढे एका ओढ्यात अरुंद रुळाचा तुकडाही मिळाला. निजामाच्या काळात येथून सागाची लाकडे नेणारी गाडी होती, असे त्यांचे म्हणणे झाले. त्याचा कागद कोठेच नव्हता. शेजारी त्यांना भंगारसाहेब म्हणत. शांताबाई म्हणत, "पाव्हन्याला बसाया जागा न्हाई, खिळ्याला पेटी हाय."

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांची बदली इकडे झाली. मीही नांदेड सोडून इथल्या दैनिकात आलो होतो. एका संध्याकाळी ते मला अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या यार्डात घेऊन गेले. उभ्या डब्याच्या चाकापाशी वाकून त्यांनी आसाच्या टोकावरची तेलाची पेटी दाखवली. "हाच तो लोहोबा. म्याच उभा केला हो बांधावर!" एवढे बोलून ते बराच वेळ हसत राहिले.

त्यांना जंगलातल्या त्या जुन्या गाडीची बातमी हवी होती. खिळे, रूळ कोणी कशासाठीही आणले असतील, डब्याचा एखादा भाग खात्रीने ओळखला तर छापू, असे मी सांगितले. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. लोहोबावर तोवर शेंदराचा जाड थर चढला होता. थोडा खरवडून पाहू, असे मी सुचवले. त्यांनी मान हलवली. "मी देव मानत न्हाई. म्हनून तर मला खरवडायचा हक न्हाई."

शेंदराची ही खोळ आपणहून सुटली तर नदीत सोडायची, देवाला अंघोळ घालायची आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा, अशी वाडीची रीत. तेवढ्या वेळात बघू द्या, इतकेच माणिकरावांनी पुजाऱ्यांना सांगून ठेवले होते. नंतर दरसाल ते जाऊन येत. "सुटली का हो?" "न्हाई साहेब, देव घट्ट हाय." "राहू द्या. मलाबी घाई न्हाई."

मी पोचलो तेव्हा लोहोबा उघडा होता. मागे आस शिरण्याचे गोल भोक, आत पितळेचा अर्धगोल तुकडा, पुढे बिजागरीचे झाकण. ते पुजाऱ्यांनी स्वतः उचकटले. आत तेलाने काळा झालेला, वाळून कडक झालेला सुताचा बोळा होता. यार्डातल्या पेटीतही आसाला तेल पाजणारा तसाच बोळा मी पाहिला होता.

पुजाऱ्यांनी त्यातले चिमूटभर सूत तोडून माझ्या हातावर ठेवले. "बाईसायबांना द्या." बोळा परत आत घालून झाकण लावले. सूर्य मावळायच्या आत नवा शेंदूर चढला.

बातमी छापून आली. सूत लातूरला, शांताबाईंच्या घरी, खिळ्यांच्या पेटीत आहे.